कुत्र्याचा कान पुन्हा पुन्हा का वाहतो?

जून उलटून कोल्हापुरात पावसाची झड लागली की ज्या घरात कुत्रा आहे तिथे मध्यरात्रीचा एक आवाज ओळखीचा होतो. आधी कानांची फडफड, मग गळपट्ट्याच्या कडीची खणखण आणि शेवटी मागच्या पायाने कान खाजवताना निघणारे अर्धवट कण्हणे. सकाळी कानाची पाळी उलटून पाहिली तर आत लाली, तपकिरी चिकट मळ आणि आंबूस वास. मग फ्रिजच्या दारात ठेवलेली गेल्या वर्षीची थेंबांची बाटली शोधली जाते, चार दिवस थेंब पडतात, खाज थांबते आणि बाटली पुन्हा जागेवर जाते. गणपतीच्या सुमारास हाच क्रम परत सुरू होतो. आमच्या घरच्या लॅब्रॅडॉरच्या बाबतीत, त्याचे नाव सोन्या, हा क्रम तीन पावसाळे चालला. ती बाटली त्या त्या वेळचा संसर्ग मिटवत होती आणि तो ज्या कारणाने होत होता ते कारण जागच्या जागी राहत होते, एवढी साधी गोष्ट समजायला आम्हाला तीन वर्षे लागली. या लेखात ती गोष्ट कानाच्या रचनेपासून मांडली आहे.

माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि बरीचशी सरळ असते. कुत्र्याची नळी त्याच्या आकारमानानुसार साधारण 5 ते 10 सेंटिमीटर लांब असते आणि ती आधी खाली उतरते, मग काटकोनात वळून आत पडद्याकडे जाते. नळकामातला एल्बो डोळ्यांपुढे आणावा. बाहेरून बॅटरी मारून आपल्याला दिसतो तो फक्त उभा भाग. खरा मळ, पू किंवा अडकलेले कुसळ बहुधा वळणाच्या पलीकडे असते आणि पडदाही तिकडेच असतो. त्यामुळे कान वरून स्वच्छ दिसणे आणि कान बरा होणे यांत बरेच अंतर असते.

या नळीचे अस्तर म्हणजे त्वचाच. पोटावर, काखेत, पंजांच्या बोटांमध्ये जी त्वचा असते तीच इथे आत वळलेली असते आणि तिच्यात तेलग्रंथी, मेणग्रंथी व केसांची मुळेही असतात. निरोगी कानातली ही त्वचा स्वतःची सफाई स्वतः करते. पडद्याजवळच्या पेशी हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत राहतात आणि जुन्या पेशी, मेण, धूळ सोबत आणतात. साखर कारखान्याच्या गव्हाणीत टाकलेली मोळी जशी पट्ट्यावरून आपसूक पुढे जाते, तसाच हा प्रकार असतो. त्वचेला सूज आली की हा पट्टा अडखळतो, मेण जास्त झरू लागते, नळी अरुंद होते आणि आतली हवा ऊबदार, दमट व कोंदट होते. बुरशीला आणि जिवाणूंना याहून सोयीची जागा मिळणार नाही.

हे जंतू बाहेरून येतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक आधीपासूनच तिथे वस्तीला असतात. मॅलॅसेझिया नावाची बुरशी आणि स्टॅफिलोकोकस गटातले जिवाणू निरोगी कुत्र्याच्या त्वचेवरही थोड्या संख्येने राहतात. सूज आली आणि ओलावा वाढला की त्यांची संख्या भराभर वाढते. म्हणून पशुवैद्यक त्यांना दुय्यम कारण मानतात. मूळ कारण म्हणजे निरोगी कानाला पहिल्यांदा सूज आणणारी गोष्ट. लोंबते कान, नळीतले दाट केस, पोहण्याची सवय आणि पावसाळ्यातली दमट हवा यांचा गट तिसरा. त्यांनी कान कमकुवत होतो, पण एरवी निरोगी असलेल्या कुत्र्याला केवळ त्यांच्यामुळे वारंवार संसर्ग होत नाही. आमच्याकडे सरसकट सगळा दोष पावसाला दिला जातो. पाऊस सगळ्याच कुत्र्यांवर पडतो, तरी कान ठरावीक कुत्र्यांचेच वाहतात, हे लक्षात घेतले असते तर आमचाही पुष्कळ वेळ वाचला असता.

मूळ कारणांत सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अ‍ॅलर्जी. ती दोन प्रकारची असते. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, बुरशीचे कण अशा वातावरणातल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात डोके वर काढते आणि काही कुत्र्यांत ठरावीक ऋतूत वाढते. अन्नाची अ‍ॅलर्जी कोणत्याही वयात सुरू होऊ शकते आणि सहसा बाराही महिने राहते. दोन्हींत कुत्रा केवळ कान खाजवत नाही; तो पंजे चाटतो, गालिच्यावर तोंड घासतो, काखा आणि जांघा लाल करून घेतो. फिकट रंगाच्या कुत्र्याच्या पंजांवरचे केस लाळेने तांबूस झालेले असतील तर कानाच्या तक्रारीसोबत ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावेत. सोन्या रोज संध्याकाळी तासभर पंजे चाटत बसायचा आणि आम्ही त्याला त्याचा छंद समजायचो. डॉक्टरांना ते कधी सांगितलेच नाही, कारण आम्ही त्यांच्याकडे कान घेऊन गेलो होतो, पंजे नव्हे. काही कुत्र्यांत मात्र कान हे अ‍ॅलर्जीचे एकमेव लक्षण असते, त्यामुळे बाकीचे अंग स्वच्छ आहे म्हणून ती शक्यता सोडून देता येत नाही.

अन्नाची अ‍ॅलर्जी रक्ताच्या तपासणीतून खात्रीने कळत नाही. तिच्यासाठी आहार-चाचणी हा एकच भरवशाचा मार्ग आहे आणि आपल्याकडच्या घरांत तोच सर्वांत अवघड ठरतो. कुत्र्याने आजवर कधीही न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ निवडून किमान 8 आठवडे तेवढेच द्यायचे आणि दुसरे काहीही द्यायचे नाही, असा हा नियम आहे. कुत्र्यांना सोसत नाही अशा पदार्थांत बीफ, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू हे वरचेवर आढळतात. कोल्हापुरातल्या घरच्या कुत्र्याच्या पोटात चिकन, मटण, अंडी, दूध, चपाती आणि भाकरी हे सगळे आधीच जाऊन आलेले असते. मग उरते काय? ज्याने मासे कधी खाल्ले नाहीत त्याला मासे आणि रताळे, किंवा डॉक्टर सुचवतील ते विशेष तयार खाद्य, ज्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारशक्ती ते ओळखत नाही. दुकानातल्या साध्या खाद्याच्या पाकिटावर माशाचे चित्र असले तरी आत कोंबडीची चरबी असू शकते, त्यामुळे चाचणीसाठी ते चालत नाही. घरी शिजवलेला असा आहार चाचणीपुरता ठीक असतो; तो पुढे चालू ठेवायचा असेल, किंवा कुत्रा वाढत्या वयाचा असेल, तर त्यातली कॅल्शियमसारखी उणीव भरून काढण्यासाठी डॉक्टरांचा सल्ला लागतो.

आमची पहिली चाचणी पाचव्या आठवड्यात मोडली. आई रोज सकाळी दूध-भाकरीचा एक घास त्याला देत होती आणि एवढ्याशा घासाने काय होते, असे तिचे म्हणणे होते. एवढ्याशा घासानेच होते. चव लावलेल्या जंताच्या गोळ्या, शेजाऱ्यांचे बिस्कीट, गणपतीतला पेढा, ताटाखाली पडलेला तुकडा, यांतले काहीही चाचणी निकामी करू शकते. म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सर्वांना, मोलकरणीला आणि शेजारच्या मुलांनाही ते सांगून ठेवावे लागते. 8 आठवड्यांनी खाज आणि कान दोन्ही शांत झाले, तर जुना आहार मुद्दाम परत सुरू करून पाहतात. लक्षणे थोड्याच दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत परत आली तरच निदान पक्के होते. हा शेवटचा टप्पा बहुतेक जण गाळतात, कारण बऱ्या झालेल्या कुत्र्याला पुन्हा त्रास देण्याची कोणाची इच्छा नसते, पण मग सुधारणा आहाराने झाली की ऋतू बदलल्याने झाली हे कळत नाही. (पांढऱ्या-तांबड्या रश्श्याचा प्रश्न वेगळाच आहे: त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय करतात, म्हणून रस्सा अ‍ॅलर्जी नसलेल्या कुत्र्यालाही देऊ नये.)

वातावरणातल्या गोष्टींच्या अ‍ॅलर्जीला असा सरळ उतारा नाही. धूळ किंवा बुरशीचे कण पूर्णपणे टाळता येत नाहीत, त्यामुळे खाज आटोक्यात ठेवणे एवढेच साध्य असते. त्यासाठी ओक्लॅसिटिनिब, सायक्लोस्पोरिन, थोड्या काळापुरती स्टिरॉइड्स किंवा अ‍ॅलर्जीच्या घटकाची अगदी सूक्ष्म मात्रा महिनोन्महिने देऊन शरीराला तिची सवय लावणारी उपचारपद्धती असे पर्याय आहेत. कोणता घ्यायचा हे कुत्र्याचे वय, इतर आजार आणि मालकाची ऐपत पाहून डॉक्टर ठरवतात.

अ‍ॅलर्जीखेरीज आपल्या भागात लक्षात ठेवण्याजोगे दुसरे कारण म्हणजे कुसळ. पाऊस ओसरल्यावर पन्हाळ्याच्या उतारांवर, मसाई पठाराकडे किंवा गावाबाहेरच्या माळावर कुसळी गवत वाळते आणि त्याची टोकदार कुसळे फिरायला नेलेल्या कुत्र्याच्या अंगात घुसतात. कुसळाच्या रचनेमुळे ते आत शिरते, मागे मात्र येत नाही. फिरून आलेला कुत्रा अचानक एकाच बाजूला मान वाकडी करून डोके सारखे झटकू लागला, तर ते कुसळ असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरी चिमट्याने काढू पाहिल्यास ते वळणापलीकडे ढकलले जाते.

कानातले सूक्ष्म किडे हे तिसरे कारण, मुख्यतः पिल्लांमध्ये आणि मांजरांसोबत राहणाऱ्या कुत्र्यांमध्ये. दळलेल्या कॉफीसारखा काळपट कोरडा मळ ही त्यांची खूण. ते एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात, म्हणून घरातल्या सर्व प्राण्यांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. मोठ्या वयाच्या कुत्र्याच्या कानात काळा मळ दिसला की लगेच किडे झालेत असे म्हणण्याची पद्धत आहे. अशा कानात बहुधा बुरशी निघते. मध्यम वयात नव्याने कान वाहू लागले आणि सोबत वजन वाढणे, सुस्ती, केस विरळ होणे असेही काही असेल, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. एकाच बाजूचा कान वर्षानुवर्षे वाहत असेल, तर आत गाठ नाही ना हेही पाहावे लागते.

दवाखान्यात नेमके काय व्हायला हवे, हे मालकाला माहीत असलेले बरे. पहिले म्हणजे ऑटोस्कोपने नळीच्या आत पाहणे. पडदा शाबूत आहे का, हे त्यातूनच कळते. दुसरे म्हणजे कापसाच्या काडीने मळ घेऊन काचपट्टीवर फिरवणे, तिला रंग देणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. ही तपासणी काही मिनिटांची आणि स्वस्त असते. बुरशी भुईमुगाच्या शेंगेसारखी किंवा पावलाच्या ठशासारखी दिसते, गोल जिवाणू ठिपक्यांसारखे आणि दंडगोल जिवाणू काड्यांसारखे. तिघांचे औषध वेगळे असते. आमच्याकडे तीन वर्षांत एकाच दवाखान्यातून तीनदा तीच बाटली आली, काचपट्टी एकदाही झाली नाही आणि आम्हीही ती मागितली नाही. डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असे आपल्याला वाटत असते. नम्रपणे विचारल्यास चांगले डॉक्टर रागावत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

काचपट्टीवर काड्या दिसल्या तर गोष्ट गंभीर होते. त्यांतला स्यूडोमोनास हा जिवाणू पिवळट-हिरवट पातळ पू, घाण वास, आतल्या जखमा आणि तीव्र वेदना घेऊन येतो. पुष्कळ प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत आणि तो स्वतःभोवती चिकट थर बांधून आत सुरक्षित राहतो. अशा वेळी पू प्रयोगशाळेत पाठवून कोणते औषध लागू पडते ते पाहतात. त्या अहवालाचीही एक मर्यादा आहे. औषधाचे रक्तात जेवढे प्रमाण पोहोचते ते धरून त्यातला निष्कर्ष काढलेला असतो आणि थेट कानात टाकलेल्या थेंबांतले प्रमाण त्याच्या कितीतरी पट असते, त्यामुळे अहवालात निकामी ठरलेले औषधही कानात कधी कधी काम करते. ट्रिस-ईडीटीए नावाच्या द्रावणाने आधी कान धुतला तर जिवाणूंचे कवच कमकुवत होते आणि मागून टाकलेले प्रतिजैविक अधिक परिणाम करते.

थेंबांच्या बाबतीत दोन चुका घरोघरी होतात. पहिली मात्रेची. लांब, वाकड्या नळीच्या तळापर्यंत पोहोचायला दोन थेंब पुरत नाहीत; लॅब्रॅडॉरएवढ्या कुत्र्याला साधारण 1 मिलिलिटर, म्हणजे जवळपास 20 थेंब लागतात. लहान कुत्र्याला अर्थातच कमी लागते आणि प्रत्येक औषधाची मात्रा डॉक्टर सांगतील तीच घ्यावी. दुसरी चूक मुदतीची. खाज चौथ्या दिवशी थांबते, कारण थेंबांतले स्टिरॉइड सूज लवकर उतरवते. जंतू तोवर आत असतातच. अर्धवट सोडलेल्या प्रत्येक बाटलीमागे तगलेले जंतू उरतात आणि पुढच्या वेळी तेच औषध कमी पडू लागते. औषध थांबवण्याची योग्य वेळ कानाकडे पाहून ठरत नाही, दुसरी काचपट्टी स्वच्छ आली की ठरते. कुत्रा बरा दिसत असताना दवाखान्यात परत जाण्याची ही खेप सर्वांत जास्त चुकवली जाते आणि माझ्या मते सगळ्या उपचारात तीच सर्वांत महत्त्वाची असते.

नळी सुजून बंदच झाली असेल तर थेंब आत उतरणार कसे? तेव्हा डॉक्टर आधी काही दिवस पोटातून स्टिरॉइड देऊन ती मोकळी करतात. पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिन आणि निओमायसिनसारखी औषधे आतल्या कानाला इजा करून बहिरेपणा आणू शकतात. न तपासता जुनी बाटली वापरणे किंवा औषधाच्या दुकानातून माणसाचे थेंब आणून टाकणे यातला खरा धोका हा आहे. संसर्ग आटोक्यात आला तर फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येतो.

घरगुती उपायांविषयीही लिहायला हवे, कारण प्रेमापोटी बरेच नुकसान होते. लसूण घालून कढवलेले तेल, खोबरेल, हळद, लिंबाचा रस, तुरटीचे पाणी, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड हे सगळे मी ऐकले आहे आणि त्यांतले दोन करूनही पाहिले आहेत. मॅलॅसेझिया ही स्निग्ध पदार्थांवर वाढणारी बुरशी आहे, तिला तेल देणे म्हणजे पाहुणचार करण्यासारखे आहे. लिंबू, स्पिरिट आणि पेरॉक्साइड सोललेल्या त्वचेला झोंबतात. कुत्रा त्यानंतर कानाला हात लावू देत नाही आणि मग खरे औषधही टाकता येत नाही.

दुर्लक्ष लांबले की नळीची त्वचा कायमची जाड होते, तिच्या ग्रंथी फुगतात, शेवटी कूर्चेत चुना साठून नळी दगडासारखी कडक होते आणि मूळ कारण सापडले तरी हा बदल मागे फिरत नाही. संसर्ग पडद्यापलीकडे मधल्या कानात गेला तर तोंड उघडताना वेदना होतात, एका बाजूचा चेहरा लोंबतो; आणखी आत गेला तर मान कलते आणि तोल जातो. अशा वेळी थांबू नये. सारखे डोके झटकल्याने पाळीच्या आतली रक्तवाहिनी फुटून पाळी भजीसारखी फुगते, हा आणखी एक प्रकार. कोल्हापूरकरांना तो समजावून सांगायची गरज नाही, कारण तालमीतल्या पैलवानांचे मोडलेले कान सगळ्यांनी पाहिलेले असतात. कूर्चेजवळ रक्त साठते आणि उपचार न केल्यास पाळी आक्रसून वाळक्या पानासारखी होते. नळी पूर्ण निकामी झालेल्या कुत्र्यावर ती संपूर्ण काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया करतात. ऐकायला ती भयंकर वाटते, पण कित्येक वर्षांची वेदना तिने संपते. जिथे ती होत नाही तिथले डॉक्टर मोठ्या केंद्राकडे पाठवतात.

कान शांत असताना करायची निगा त्यामानाने सोपी आहे. कुत्र्यांसाठी तयार केलेले कान धुण्याचे द्रावण हातात धरून कोमट करावे, नळी भरेल इतके ओतावे, कानाच्या मुळाशी बोटांनी अर्धा मिनिट चोळावे आणि आतून पचपच आवाज आला की कुत्र्याला डोके झटकू द्यावे. वर आलेला मळ कापसाने टिपून घ्यावा. कापसाची काडी आत घालू नये, ती मळ वळणापर्यंत ठासते. वारंवार त्रास होणाऱ्या कुत्र्याला आठवड्यातून एकदा आणि तलावात पोहून आल्यावर लगेच हे करणे पुरेसे असते. ज्याचे कान निरोगी आहेत त्याचे विनाकारण धुऊ नयेत, कारण सततच्या ओलाव्याने तेही बिघडतात. शिह त्झू किंवा पूडलसारख्या कुत्र्यांच्या कानातले केस उपटण्याची पार्लरमधली पद्धतही सरसकट योग्य नाही, कारण निरोगी नळीत उपटल्याने उगाच सूज येते.

कुत्र्याला हे सोसण्याची सवय कान बरा असतानाच लावावी लागते. रोज एकदा पाळी उलटायची, बाटली नुसती कानाजवळ धरायची आणि लगेच खाऊ द्यायचा, असे दोन आठवडे केले की द्रावण ओतताना तो पळत नाही. सोन्याची दुसरी चाचणी पूर्ण होऊन दूध बंद झाले, त्यामुळे त्याच्या खाऊत आता उकडलेल्या रताळ्याचे तुकडे असतात. रविवारी सकाळी बाटलीचे झाकण उघडल्याचा आवाज आला की तो स्वतःहून मोरीच्या दारात येऊन बसतो आणि आई रताळ्याचा डबा घेऊन उभी राहते.